पाडव्याचा निंब

न्हाई न्हाई, सैपाकपाण्याचं सोडा वीरुपाक्षप्पा — निजामाच्या गाडीनं चुडाव्याहून पेडगावापतोर आलाव, तर मी एकच इचारते — तुमच्या चन्नबसम्माला निंब वळखता येतो का? हासू नगा. ह्या सिद्धम्माच्या घरात सून यायची तर झाडपाला कळलाच पायजे. आता बगा — परसातला ह्यो कडुनिंब, अन् बांधावरचा त्यो बकाणा. दिसाया भाऊ-भाऊ, पर गुण? निंबाचा पाला कडू, साल त्याहून कडू, लिंबोळीचं तेल तर समद्यात कडू — पर समदं औषधाचं. बकाण्याचा पाला एक वेळ पोट सोसंल, साल न्हाई सोसायची, अन् ती पिवळी फळं — पाडव्यापतोर गुच्छानं लटकत्यात की — पाखरं खुशाल खात्यात, डुकरानं खाल्ली की पाय झाडीत पडतंय.

आमची पयली सून, नीलम्मा. ऐकलंच आसंल, पोटात कळ येऊन मेली म्हून. कळ कशाची? अकलेची बोंब! पाडव्याला निंब आण म्हणलं, तर बकाण्याचा डगळा घिऊन आली, फळांसकट. माहेरी दारात बकाणाच व्हता, तिला त्योच निंब वाटला. म्या बगितलं की — लांबूनच कळतंय मला. पर बोलले न्हाई. सांगून कुणी शिकतंय का? फळांसकट कुटला, गूळ-जिरं घातलं, गोळी दिली. तोंड वाकडं केलं तिनं. म्हणलं, पाडव्याचं कडू थुकायचं नसतंय — आनिक घे. घेतली. लय ऐकणारी व्हती, तेवढं खरं. मग वकाऱ्या, मग हातपाय वळाया लागले. पालमचा हकीम येईस्तोवर खेळ आटपला.

सांबप्पानं खाल्ला का? — अवो, त्याला कसा देईन? पोटचं लेकरू हाय माझं! त्याला अन् मला परसातला निंब, येगळा कुटला व्हता. शेळीबी हाकलली म्या त्या पाल्यावरनं — गाभण व्हती.

आसं काय बगायलाव? मारली का म्या तिला? आणला तिनं, खाल्ला तिनं. दोन वर्सं झाली, पोरगं एकटंच जेवायलंय माझं. तुमच्या पोरीला मी नीट शिकवीन, पोटच्या लेकीवानी — अवो, वाटी कामून सरकवली? घ्या की. — बसा, गाडीला टाइम हाय — वीरुपाक्षप्पा! गूळच हाय त्यात.