साबण राहिला

कॅमेरेवाला : ...आणि हा दाराचा. हा चेहरा ओळखतो, मावशी. एकदा आत आलेलं गिऱ्हाईक हा जन्मात विसरत नाही.

मावशी : म्हणजे माझ्या नणंदेसारखाच म्हणायचा.

कॅमेरेवाला : तुमच्या मुलाला हाच हवाय. गिऱ्हाईक आलं, हवं ते उचललं, चालू पडलं. पैसे त्याच्या खात्यातून आपोआप. रांग नको, गल्ला नको, गल्ल्यावर माणूस नको.

मावशी : माणूस म्हणजे मी.

कॅमेरेवाला : तुम्हाला आराम मिळेल, असं म्हणतो तो.

मावशी : आराम! हे गेल्यापासून वरच्या खोलीत आरामच आहे. मी भिंतीकडे बघते, भिंत माझ्याकडे बघते. दिवसभरात बोलणं होतं ते काय या गल्ल्यावर. बरं, तो छतावरचा काय करतो?

कॅमेरेवाला : तो साधा हो. वरून बघतो. डोकी दिसतात, हात दिसतात, चेहरा नाही. काय उचललं, काय ठेवलं, बिलाशी जुळतं की नाही, एवढंच. त्याला गल्ल्यावर माणूस लागतोच. आठवडाभर तोच चालू आहे. दाराचा सुरू करायला तुमची परवानगी लागते. आज तुम्ही दोघांतला एक सांगायचा, दुसरा मी काढून नेतो.

मावशी : त्या छतावरच्यात चुका दिसतात? माझ्या?

कॅमेरेवाला : तुमच्या कसल्या चुका?

मावशी : मुलानं सांगितलं नाही? मी विसरते. पैसे घेते आणि वस्तू पिशवीत घालायची राहून जाते. दुसऱ्या दिवशी मास्तर येतात. 'वहिनी, साबण राहिला.' कधी दोरा राहतो, कधी काडेपेटी. आणि मग तोच साबण मला झाडूंच्या मागे सापडतो. झाडूंच्या मागे साबण कोण ठेवतं? डोकं ठिकाणावर नसलेलं माणूस ठेवतं.

कॅमेरेवाला : मास्तर म्हणजे शाळेतले?

मावशी : टेलरमास्तर. मागच्या गल्लीत राहतात. यांचे शर्ट तेच शिवायचे. आता बायको गेली, डोळ्यांनी दगा दिला, मशीन विकून टाकलं.

कॅमेरेवाला : वयानं होतं हो थोडंफार विसरायला.

मावशी : मीच मूर्खासारखं मुलाला फोनवर सांगून बसले. तेव्हापासून त्याचं एकच टुमणं, गल्ला काढायचा आणि आईला आपल्या घरी न्यायचं. त्यांच्याकडे चार दिवस पाहुणी म्हणून ठीक आहे. सकाळी सगळे आपापल्या कामाला जातात आणि मी टीव्हीतल्या बायकांना सल्ले देत बसते. हल्ली उठल्या उठल्या पाढे म्हणते मी. एकोणतीसचा येतो का बघते.

कॅमेरेवाला : येतो?

मावशी : लहानपणी येत नव्हता, आता कुठून येणार! ते जाऊ दे. दाखवा मला.

कॅमेरेवाला : काय?

मावशी : मी कशी विसरते ते.

कॅमेरेवाला : कशाला उगीच जिवाला लावून घेता?

मावशी : दाखवा हो. भीती वाटते म्हणून तर बघायचंय.

कॅमेरेवाला : बरं. बिल आणि पिशवी जुळली नाही की तेवढा भाग सिस्टीम लाल करून ठेवते. हा बघा. हे तुमचं डोकं, हा तुमचा हात. साखर... बिस्किटं... साबण. मावशी, घातलात की साबण!

मावशी : घातला?

कॅमेरेवाला : चांगला तळाशी घातलात. आता तुम्ही सुटे काढायला वळलात. आणि हा समोरचा हात... अरेच्चा! साबण बाहेर काढला. दाराकडे निघाला. हा झाडूंच्या मागे ठेवला.

मावशी : परत लावा.

कॅमेरेवाला : हे घ्या. काढला... ठेवला.

मावशी : थांबवा, थांबवा इथे! पिशवीचं तोंड कसं दुमडलंय बघा. आधी बोटभर, मग परत एकदा, आणि वरून नखानं दाबलं.

कॅमेरेवाला : त्याचं काय?

मावशी : शर्टाच्या खालच्या कडेला टीप घालायच्या आधी असं दुमडतात. किराण्याची पिशवी असं कुणी दुमडतं का? एकच माणूस दुमडतो.

कॅमेरेवाला : मास्तर? पण पैसे तर दिलेत त्यांनी. पैसे न देता वस्तू नेणारा आमची सिस्टीम पकडते. पैसे देऊन वस्तू ठेवून जाणाऱ्याला आमच्याकडे नावच नाही!

मावशी : माझ्याकडे आहेत, चांगली दोन-चार आहेत. काय माणूस आहे मेला! इथे मी पाढे म्हणत मरतेय, माझं डोकं चाललं म्हणून रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, आणि हे साबणाशी लपंडाव खेळतायत! येऊ दे, अशी खरडपट्टी काढते...

कॅमेरेवाला : मग दाराचाच घ्या. त्यांचा चेहरा एकदा नोंदवून ठेवला की आत पाऊल टाकताक्षणी मोबाइल वाजेल.

मावशी : वाजायला यायला तर हवेत. परवापासून फिरकलेच नाहीत.

कॅमेरेवाला : परवाच तर मी दारावर पाटी लावली. 'आपण कॅमेऱ्यात दिसत आहात.' लावावीच लागते ती.

मावशी : हां.

कॅमेरेवाला : घाबरले असतील.

मावशी : लाजले असतील. कामाशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, असा खाक्या. एकदा म्हटलं होतं मी, मास्तर, नुसते या की गप्पा मारायला. तर म्हणे, रिकामटेकडा म्हातारा दुकानात बसलेला बरा दिसत नाही, वहिनी. मग काम काढलं त्यांनी. रोज काहीतरी राहायचं, रोज ते न्यायला यायचं... आणि खरं सांगू? विसरल्याची लाज वाटायची मला, पण ते आले की बरंही वाटायचं. दोन दिवस झाले, संध्याकाळ सरता सरत नाही.

कॅमेरेवाला : पण हे रेकॉर्डिंग तुमच्या मुलालाही जातं, मावशी. त्याला काय सांगू?

मावशी : यात चेहरा कुठे दिसतो?

कॅमेरेवाला : नाही, वरून फक्त डोकं आणि हात.

मावशी : मग खुशाल पाठवा. माझी चूक नाही एवढं कळू दे त्याला. आणि तो दाराचा उतरवा. चेहरे ओळखायला मी बसलेय.

कॅमेरेवाला : दाराचा खपला असता तर आमचा साहेब खूश झाला असता.

मावशी : सांगा त्याला, म्हातारी हट्टी निघाली. थांबा, फोन वाजतोय... हॅलो. हो. बघितलंस ना? मग, घातला होता की नाही साबण?... कोण तो, ते मी बघते. वरून सगळी टकलं सारखीच दिसतात... नाही रे, यायचं नाही मला... तुझ्यावर राग कशाला? तुझ्या घरी सगळं मिळतं मला. पण 'मावशी, आहात का' म्हणत कुणी येत नाही... नाही, रडत नाहीये... हो, छतावरचाच. गल्ला मीच सांभाळणार... बरं. बरं, ठेव आता, गिऱ्हाईक आलंय.

कॅमेरेवाला : कुठे आलंय गिऱ्हाईक?

मावशी : नाही ना आलं! तुम्ही शिडी आवरेपर्यंत जरा दुकानावर लक्ष ठेवा. मी आलेच.

(मागच्या गल्लीत, मास्तरांच्या दारात.)

मास्तर : कोण? वहिनी! आपण? दुकान सोडून?

मावशी : साबण राहिला होता तुमचा.

मास्तर : माझा? पण मी आज आलोच नाही दुकानात. काल नाही, परवाही नाही.

मावशी : म्हणूनच राहिला.

मास्तर : ...आपण पाहिलंत तर.

मावशी : वरून पाहिलं. टक्कल चांगलंच पडलंय तुम्हाला.

मास्तर : क्षमा करा, वहिनी. आपल्याला विसराळू ठरवावं असं माझ्या मनात स्वप्नातही नव्हतं. तुम्ही 'अगं बाई, राहिलाच का' म्हणायचात, स्टूल पुढे सरकवायचात... त्याच्यापलीकडे मी विचारच केला नाही.

मावशी : मी फार घाबरले होते, मास्तर.

मास्तर : आता दुकानात तोंड दाखवायची सोय राहिली नाही मला.

मावशी : तोंड बघणारा कॅमेरा मी काढायला लावला. उद्या या.

मास्तर : काय न्यायला येऊ?

मावशी : काही नाही. नुसते या.

मास्तर : काही काम नसताना?

मावशी : मला तरी कुठे काम असतं, मास्तर? मीही तिथे कुणीतरी यावं म्हणूनच बसते.