विनूदादाचा सोपा डेस्कटॉप

माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्स सिस्टीमचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण माझा नांदेडचा मावसभाऊ विनूदादा. "किती जुनाट दिसतंय तुझं! दुसरा डेस्कटॉप टाक, लई सोपं हाय," असं व्हिडिओ कॉलवर माझी स्क्रीन बघून सांगत त्यानंच मला तो, म्हणजे स्क्रीनची अख्खी मांडणी, बदलायला लावला.

बदलला, तर स्क्रीनवर नुसता निळा डोंगर! स्क्रीनवर समोरच ठेवलेली एमएस्सीच्या प्रोजेक्टची फाईल गायब. सोमवारी जमा करायची होती. मी लगेच त्याला फोन लावला.

"दादा, प्रोजेक्ट गेला!"

"कुठं न्हाई गेला. हात लावू नको, रविवारी लातूरला येतो, तवा बघतो."

मला कुठला धीर? सरांनी लाल पेनानं रंगवलेल्या जुन्या प्रिंटवरून, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, बावीस पानं मी परत टाइप केली.

रविवारी दादानं येऊन एक फोल्डर उघडलं. फाईल तिथंच!

"हा डेस्कटॉप टेबलावर, म्हंजी स्क्रीनवर, काही मांडत न्हाई गं, सगळं कपाटात, फोल्डरमधी असतंय," म्हणून वर हसला.

"हे फोनवर सांगायला तोंड दुखत होतं का?"

"चिडतीस काय? चहा तरी आण."

"केलाय. कपाटात ठेवलाय. शोध."