शेवटच्या खाचेतली सीट

मिस्त्री : खोका आत आणू नका हो ताई. डिकीतच राहू द्या आत्ता.

ताई : का? तोच तर बसवायचाय. त्याच्यासाठीच आले मी.

मिस्त्री : बसवायचा की नाही ते मग ठरवू. आधी जुन्याची अवस्था बघा. सगळं काढून बाकावर मांडलंय. बाही सांभाळा, ग्रीस आहे.

ताई : ही क्लचची प्लेट?

मिस्त्री : होती. आता नुसता पत्रा उरलाय. बोट फिरवा. खिळ्यांची डोकी लागतात ना? त्यांच्यावर चांगलं जाड अस्तर असतं. ते घासून संपलं. म्हणून तर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलतं आणि गाडी मात्र पुढे जायला तयार नाही.

ताई : पुलाच्या चढावर. मागचे हॉर्न वाजवून वाजवून जीव काढतात.

मिस्त्री : काढणारच. साहेबांनी माझ्याकडून इंजिनाची ताकद वाढवून घेतली आणि क्लच ठेवला कंपनीचाच. इंजिन दीडपट जोर करतंय आणि क्लच बिचारा होता तेवढाच. तेव्हाच म्हटलं होतं, साहेब, क्लच बदलून टाका. तर म्हणे, बदलू, पण माझ्या आवडीचा.

ताई : आणि दादाच्या आवडीचा डिकीत आहे. मग अडलंय कुठे?

मिस्त्री : अडलंय असं, की तो शर्यतीचा क्लच आहे. त्यात अख्खं गोल अस्तर नसतं. धातूचे सहा ठोकळे असतात. धरले की धरले, सोडले की सोडले, मधलं काही नाहीच. मोकळ्या रस्त्यावर झकास चालेल. पण तुम्ही सिग्नलमागून सिग्नल करत ऑफिसला जाणार. दर वेळी धक्का. रिव्हर्स घेताना गाडी बेडकासारख्या उड्या मारेल. आणि पेडल इतकं जड, की घरी पोचेपर्यंत पायाचे तुकडे पडतील.

ताई : दादाला हे कळत नव्हतं?

मिस्त्री : माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ह्याच बाकाशी भांडलो आम्ही. चहा गार झाला तरी दोघांपैकी कोणी मागे हटेना. ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीखाली झोपणार, आणि वर मलाच क्लच शिकवणार! गॅरेजमधली पोरं त्यांना साहेब म्हणायची ती काय उगीच?

ताई : तो खोका कधी आला, माहितीये तुम्हाला?

मिस्त्री : नाही बुवा.

ताई : दादा गेल्यावर. दारात कुरिअरवाला उभा. म्हणाला, साहेब आहेत का, त्यांचीच सही लागेल. मी म्हटलं, आहेत, आंघोळीला गेलेत. आणि सही केली. त्याची. अगदी त्याच्यासारखी, शेवटी तो लांब फराटा ओढायचा ना, तशी.

मिस्त्री : साहेबांची सही? तुम्ही?

ताई : तो माणूस गेला आणि मी तशीच दारात उभी. क्षणभर मलाच वाटलं, आत पाणी पडतंय. खरंच ऐकू आलं मला. म्हणून म्हणते, हाच क्लच बसवा. त्यानं मागवलाय. त्याचं एवढं तरी होऊ दे.

मिस्त्री : बसवतो. माझं काय जातंय? पण ताई, हा बसवा, नाहीतर मी सांगतो तो बसवा, वर्षभरात पुन्हा इथेच याल. आणि तेव्हा गिअरबॉक्ससुद्धा घेऊन याल.

ताई : म्हणजे?

मिस्त्री : हे गिअरचं तेल बघा, उजेडात धरून. काय चमकतंय?

ताई : सोन्यासारखं काहीतरी.

मिस्त्री : पितळ आहे. गिअर पडताना झटका बसू नये म्हणून आत पितळेच्या कड्या असतात. त्या झिजतायत. क्लच पूर्ण दाबायच्या आत गिअर टाकला तरच असं होतं. हा काही इंजिनाच्या ताकदीचा दोष नाही. हा पायाचा दोष आहे.

ताई : मी दाबते की!

मिस्त्री : दाबता, पण फरशीपर्यंत नेत नाही. आणि हे बेअरिंग. फिरवा, कसं कुरकुरतंय. पेडल नुसतं धरून ठेवलं की याचं असं होतं. उभ्या गाडीत क्लच दाबून बसता का कुठे?

ताई : फाटकाशी. घराच्या.

मिस्त्री : फाटकाशी कशाला? न्यूट्रल करायचा, पाय काढायचा.

ताई : पाय काढला की खडखड होते ना. क्लच दाबला की थांबते.

मिस्त्री : ती तर होणारच. साहेबांनी हौसेनं हलकं फ्लायव्हील, म्हणजे क्लचमागचं चाक, बसवलंय, त्याचा तो आवाज. बिघाड नाही तो. पण ती थांबवायला क्लच धरून बसायचं म्हणजे कमाल झाली!

ताई : मिस्त्री, अजून एक सांगू? हसू नका. सिग्नलला मी पाय काढते ना, तरी पेडल खालीच राहतं. थोडा वेळ. मग हळूहळू वर येतं. जसा कोणी पाय अलगद उचलतोय. दादा असाच सोडायचा क्लच. लहानपणी मी शेजारी बसून त्याचा पायच बघत असायचे.

मिस्त्री : ते तेल आहे, ताई. क्लचचं तेल जुनं झालं, तापलं, की पेडल आळशी होतं. नवीन भरलं की टुणकन वर येईल.

ताई : लगेच भरायलाच हवं का?

मिस्त्री : भरायलाच हवं. कधीतरी ते वर यायचंच नाही, मग भर चौकात काय कराल? … बरं, आता मी विचारतो. ड्रायव्हरच्या सीटवर ती भली थोरली उशी कशाला?

ताई : पाठ दुखते.

मिस्त्री : पाठीला एवढी उशी? गादी म्हणा तिला. उशी काढली की सीट दिसते. शेवटच्या खाचेत आहे, पार मागे. तिथून तुमचा पाय पेडलला पुरतच नाही. नुसती बोटं टेकतात. म्हणून हे पितळ, म्हणून हे जळकं अस्तर. सीट पुढे घ्या, अर्धं दुखणं आत्ताच्या आत्ता बरं होईल.

ताई : सीट नाही हलवायची.

मिस्त्री : अहो, फुकटचं काम आहे.

ताई : नाही म्हटलं ना! त्या दिवशी तो सकाळी बूट घालता घालता खाली बसला तो उठलाच नाही. गाडी अंगणात होती. मी महिन्याभरानं किल्ली घेतली, दार उघडलं. सीट तशीच होती, त्यानं ठेवली होती तशी. आरसासुद्धा. घरातलं सगळं हललं हो. त्याचे कपडे दिले, पलंग भिंतीला लावला. ही एवढी जागा त्यानं ठेवली तशी राहिलीय. ह्या सीटवर बसलं की वाटतं, तो आत्ता उतरून गेलाय. पाय पुरला नाही तर नाही पुरला.

मिस्त्री : आरसासुद्धा हलवला नाही?

ताई : नाही.

मिस्त्री : मग मागचं काय दिसतं त्यात?

ताई : छत.

मिस्त्री : ताई, बसा जरा त्या स्टुलावर. मी बोलणार नव्हतो. पण आता बोलायलाच हवं. साहेब असे बसत नव्हते.

ताई : म्हणजे कसे?

मिस्त्री : पार मागे. कधीच नाही. ते स्टिअरिंग अगदी पोटाशी घेऊन बसायचे. मी चिडवायचो, साहेब, स्टिअरिंगचं ताट करून जेवायला बसलात की काय? पुढून तिसरी खाच. गाडी मी बाहेर काढायला बसलो की माझे गुडघे डॅशबोर्डवर आपटायचे, शिव्या घालत मागे सरकवायचो आणि परत देताना आठवणीनं तिसऱ्या खाचेत आणून ठेवायचो. आणि साहेब कुठे एवढे उंच होते? तुमच्याएवढेच तर होते.

ताई : तुमची चूक होतेय.

मिस्त्री : गिऱ्हाइकाचं नाव विसरेन मी. सीट नाही विसरत.

ताई : मग ही मागे कोणी नेली? किल्ली तर घरातच होती. आमच्या घरात गाडी चालवणारा तो आणि मी. दुसरं कोणीच नाही. मिस्त्री, कोणी नेली?

मिस्त्री : घाबरवायला नाही बोललो मी. पाणी घ्या.

ताई : वर्षभर मी कोणाच्या जागेवर बसतेय?

(दारात आई उभी. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात घरची किल्ली.)

आई : माझ्या.

ताई : आई! तू इथे कशी?

आई : पलंगाखाली खोका नव्हता. म्हटलं, हिनं आज गाडी मिस्त्रींकडे नेली. शेजारच्या वहिनींनी इथवर सोडलं. मिस्त्री, मला बसायला काही द्या, हा गुडघा अगदी संपावर गेलाय.

मिस्त्री : या काकू, या. हे स्टूल पुसून देतो.

ताई : आई, तुझ्या म्हणजे?

आई : तो गेला त्या आठवड्यात घरात माणसंच माणसं. प्रत्येक खोलीत कोणीतरी. रडायला म्हणून कोपरा मिळेना. रडायला लागलं की कोणीतरी पाणी घेऊन यायचं, पाठीवरून हात फिरवायचं, पुरे म्हणायचं. मला पुरे नको होतं. दुपारी मी किल्ली घेतली आणि गाडीत जाऊन बसले. गुडघा वाकेना, म्हणून सीट ढकलली मागे, जाईल तितकी. काचा वर. मग हवं तेवढं रडले.

ताई : आणि आरसा?

आई : तो मी वर केला. त्यात माझं तोंड दिसत होतं.

ताई : मला सांगितलं का नाहीस?

आई : काय सांगणार? तू एक दिवस उशी घेतलीस आणि गाडी घेऊन ऑफिसला निघालीस. मला वाटलं, तुला पाठीचा त्रास असेल. मला काय माहीत, तू त्याची म्हणून माझी जागा जपतेयस.

ताई : वर्षभर, आई. पायाच्या बोटांवर चालवली मी गाडी.

आई : वेडी कुठली. ये इकडे.

मिस्त्री : मी जरा तेलाचा डबा बघून येतो.

आई : थांबा हो, तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्हाला त्याची सीटसुद्धा पाठ. मिस्त्री, ती परत तिसऱ्या खाचेत न्या बघू.

मिस्त्री : मी नाही. ताईंनी न्यायला हवी. गाडी खाली घेतलीय, बसा ताई. उशी काढा. सीटखाली दांडी आहे, वर ओढा आणि पुढे या. … अजून. … अजून एक. बस्स. पेडल सुटं केलंय, जोर लागायचा नाही. नुसतं फरशीपर्यंत न्या.

ताई : पुरतोय.

मिस्त्री : टाच टेकलीय?

ताई : टेकलीय. अख्खा पाय पुरतोय. आई, तो इथे बसायचा.

आई : बरोबर मापाची आहे की तुला.

ताई : मिस्त्री, मला तुमचा क्लच सांगा.

मिस्त्री : अख्ख्या गोल अस्तराची प्लेट, मधे स्प्रिंगवाली. वरची प्रेशर प्लेट जरा कडक, म्हणजे साहेबांनी वाढवलेली ताकद पूर्ण पेलेल. इंजिनाला मी हात लावणार नाही, ते त्यांचं तसंच राहील. पेडल थोडं जड लागेल, पण आठवड्यात सवय होते. आणि जोडीचं फ्लायव्हील बसवू, दोन तुकड्यांचं. त्यात खडखड राहत नाही.

ताई : अजिबात नाही?

मिस्त्री : उभी गाडी चालू आहे की बंद, कळायचं नाही. हवं तर जुनंच ठेवतो. तुमच्या मनावर आहे.

ताई : मी एकटी नाही ठरवणार. आई, तू सांग.

आई : मी काय सांगू? मला क्लचमधलं काय कळतं?

ताई : खडखडीतलं कळतं. फाटकाशी ती आली की तू आतून धावत येतेस. त्या गुडघ्यानं. दार उघडतेस, मी दिसते, आणि तुझा चेहरा… म्हणून मी क्लच दाबून धरते, आई. तो आवाज तुझ्यापर्यंत जाऊ नये म्हणून.

आई : तरी येतो. वळणावरच येतो.

ताई : माहितीये मला.

आई : मग ऐकच आता. रोज तो आवाज आला की तो आला असं वाटतं. मनाला कितीही दटावलं तरी वाटतंच. दार उघडते आणि तू असतेस. आणि एक क्षण, एकच, मला तुझा राग येतो. तू का, म्हणून. दिवसभर राबून आलेली माझी पोर, आणि मी तिच्यावर रागावते. मग ती आत येते, मी पाणी देते, आणि तिच्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटते.

ताई : मला दिसतो तो राग. रोज.

आई : दिसत असणारच.

ताई : मग काय करू? जुनंच ठेवू? आवाज गेला तर तेवढं वाटणंही जाईल तुझं. एक क्षण का होईना, येतो ना तो.

आई : येतो आणि रोज जातो गं. … मिस्त्री, तुम्ही म्हणता तेच बसवा. बिनआवाजाचं.

मिस्त्री : आणि डिकीतला खोका?

आई : पलंगाखाली ठेवते परत. त्याच्या हौसेचं आहे, असू दे घरात.

मिस्त्री : परवा संध्याकाळी या. तेलसुद्धा नवीन भरून ठेवतो. ताई, उतरताना आरसा तेवढा तुमच्या नजरेला लावून घ्या.

ताई : लावला. … आई, तू दिसतेयस त्यात.

आई : दिसू दे. पण मला सांग, आवाज नाही म्हटल्यावर मी आत स्वयंपाकघरात असले, तर तू आलीस हे मला कळणार कसं?

ताई : हॉर्न वाजवीन.

आई : वाजव. चांगला दोनदा वाजव. तो कधीच वाजवायचा नाही.