पोटाचं सोंग

नाई, नाई, आंधी चहा पे हरिदास, मंग बहिणीले भेटजो — कुठी पळून चालली ते? रोहण्याहून फटफटताच बंडी जुपून आला, अन उंबरठ्यावरूनच इचारतं, कांता कशी हाये! कशी राह्यन? निंदण असो, वेचणी असो, पोट धरून बसते. अन दिवाईले तुह्या घरी आलती तवा? खाये, पिये, हासे, होय ना? हां, तेच म्हणते मी! महिनाभर धडधाकट, महिनाभर टमरेल घेऊन धावते — खरी बिमारी अशी पंचांग पाहून येते काय? सोंग हाये बाप्पा, निरं सोंग.

दवाखान्यात? नेलतं ना! माहा लेक बाबाराव, तुहा भाटवा, बायकोचा गुलाम — नागपूरले घेऊन गेलता. पोटाचा फोटो काढला. डाक्टर म्हणे आतडीले सूज हाये, आतून छाले पडले, क्षय नाई, लागट नाई, पण जनमभर येत-जात राह्यन. पोट फुगलं, ओकारी झाली तं त्याच दिवशी आणा, कापा लागन — काऊन, तुले नाई सांगतलं कोणी? मीच म्हटलं नोको सांगू. बाबारावानं तुले लिहलेली चिठ्ठी बी मीच चुलीत घातली. कापलेली बाई वावरात वाकन काय? गावाले तं म्या क्षयच सांगतला — बाबारावाले दुसरी पाहाले सोपं जाते. असे डोळे काऊन काढतं? पे, चहा पे.

अन्नपूर्णाबाई म्हणते गाव मले, माह्या घरी कोणी उपाशी नाई राह्यलं — अन कांताच भाकर-ठेचा पाहून रडे. परवा पोट टम्म फुगलं, काल हिरवी ओकारी. बाबाराव म्हणे नागपूरले नेतो — म्या बैलच वावरात धाडले! अन सुईले बिबा टोचला, दिव्यावर धरला, त्याच्या तेलाचे बेंबीभोवती सात डाग देल्ले. आमच्यात असंच करते, लेकरायले बी. लय बोंबलली रातभर. पण सक्कायपासून पाह्य, एकदम शांत! उतरलं का नाई सोंग?

अवो कांते, ऊठ, भाऊ आला तुहा! — पाह्यलं? माहेरचं माणूस आलं का तोंड शिवते. जाय, तूच उठव, थे पाह्य भिताडाकडं तोंड करून पडली हाये. — काऊन रे? हात काऊन मांघं घेतला? काय म्हणतं? थंडगार हाये?

मंग गोधडी टाक ना बाप्पा तिच्या अंगावर.