माळावर मुक्काम बंद

—न्हाय वो साहेब, तुमच्या जंगलखात्याच्या नियमावर माझी काय तक्रार न्हाय. माळावर गाड्या नकोत, पाहुण्यांचा मुक्काम नको—बरोबरच हाय की. आमचे मालक ग्रामसभेत हेच सांगून सांगून दमले. त्यांचं नाव, बसू गाईड म्हणलं की सोलापूरपातूर माणसं वळखायची. माळढोक दाखवायचे—कमरेएवढं पाखरू ते—पर चालत न्यायचे, लांबनं दाखवायचे. च्या घ्या की, गार व्हतोय. —व्हय, गाडीखालीच गेले. एका हाटेलातली जीप आली, फोटो पायजे म्हणून थेट गवतात घातली. म्होरं मादी अंड्यावर बसलेली. हे पळत गेले, हात पसरून आडवे उभे राहिले. ड्रायव्हरला वाटलं, सरकंल माणूस. न्हाय सरकले. —अंडं शाबूत राहिलं बघा. मादीच परत आली न्हाय. तवापास्नं आमच्या माळावर पाखरू कुणालाच दिसलं न्हाय.

मग पाहुणे कशाला ठेवते? पोटासाठी न्हाय वो, दोन म्हशी हायत, भागतंय माझं. आता तुमीच सांगा—रातीला हितं झोपलात, पहाटं काय ऐकलं का? ...हूंऽम असं? गवतातनं? —हां. नर घुमतो तसा. पर नर आता कुटनं येणार? पाहुण्यांना समजावं म्हणून हे तोंडावर दोन्ही हात धरून तसंच घुमायचे—अगदी तसंच. हितं झोपतो त्याला ऐकू येतं. मला न्हाय. बांधावर जाऊन बसते, कान देऊन देऊन डोकं ठणकतं—नुसतं वारं. मी बायको त्यांची, आन मलाच न्हाय! म्हणून पाहुणे ठेवते. सकाळी च्या देताना इचारते. कुणी 'व्हय' म्हणलं की तेवढा दिवस निभतो... हे सांगायचं नव्हतं मला. गेलं तोंडातनं.

मुक्काम बंद झाला की मला सांगणारं कुणी न्हाय. म्हायती हाय. —न्हाय, न्हाय, पेन खाली ठेवू नका. 'एवढं एक घर सोडू' म्हणू नका. माझं सोडलं की उद्या हाटेलवाला इल, म्हणंल, माझंबी एक सोडा. मग हे आडवे उभे राहिले ते कशापायी? लिहा. चंद्रिकाबाईचं घर बंद—नावानिशी लिहा, माझ्या म्होरं.

झालं?

उठा मग. पाहुणा निघाला की 'परत या' म्हणायची सवय हाय मला. तुमी—नका येऊ.