रूएडीचे आरसे

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील संचालक महोदय, दूरवरून आलेले शास्त्रज्ञ, वर्कशॉपमधले माझे सोबती, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या श्रीमती ट्रूडी हुन्त्सिकर,

सोळाव्या वर्षी लेथवर उभं राहायला या प्रयोगशाळेत आलो. आज निवृत्त होताना एवढे प्रोफेसर माझ्यासाठी उभे राहिले. बाहेर वाइन वाट पाहतेय, तेव्हा थोडक्यात बोलतो.

प्रोटॉन मोजल्याचं श्रेय संचालकांनी वर्कशॉपलाही दिलं. ते घेण्याआधी एक सांगायचंय.

हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनच्या जागी दोनशेपट जड म्युऑन बसवायचा. तो प्रोटॉनला बिलगून फिरतो, म्हणून त्याला प्रोटॉनचं आकारमान जाणवतं. नेमक्या रंगाचा लेसर पडला की खूण मिळते. त्या रंगावरून माप निघतं. म्युऑन पापणी लवायच्या कितीतरी आत मरतो. तेवढ्यात लेसर दोन आरशांमध्ये शेकडो वेळा खेळवायचा. ते आरसे घासले ट्रूडीच्या नवऱ्यानं, माझ्या मित्रानं, रूएडीनं.

दोन हंगाम गेले, खूण नाही. बैठकीत मला कारण विचारलं. मी सांगितलं, रूएडीचे आरसे प्रकाश खातात. माझं वाक्य प्रोफेसरांनी वहीत लिहून घ्यायची ती पहिलीच वेळ. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

रूएडीनं आरसे पुन्हा घासले. एकदा कँटीनमध्ये म्हणाला, "अरे, पुस्तकात माप लिहिलंय तिथंच शोधत बसलाय तुम्ही. जरा पलीकडे बघा की."

मी म्हणालो, "तू आरसे पूस बाबा. प्रोटॉनचं आम्ही बघतो."

सगळे हसले. 'आम्ही' म्हणे! माझी आठवी कशीबशी झालेली.

वसंतात रूएडीनं मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोप समारंभ नको म्हणाला.

दोन वर्षांनी, त्याच आरशांनिशी, लेसरचा रंग पुस्तकातल्या मापापलीकडे सरकवला आणि खूण समोर उभी राहिली. प्रोटॉन पुस्तकातल्यापेक्षा चार टक्क्यांनी लहान. मी तसाच गाडी काढून ब्रुगला, रूएडीच्या घरी गेलो. ट्रूडी मला आत घेऊन गेली. मधल्या काळात त्याला पक्षाघात झाला होता, तो कुणाला ओळखत नव्हता. चष्म्याची काच सदऱ्यानं पुसत होता. मी त्याच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, चष्मा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "बघा हो, अजून डाग आहे का?"

हिवाळ्यात तो गेला.

जिथं त्याला दोष दिला, तिथंच सांगतो: रूएडी हुन्त्सिकरच्या आरशांत खोट नव्हती.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. बैठकीतल्या त्या वाक्याची माफी मात्र मी आपल्याकडे मागत नाही. ती आपल्या हातात नाही.