लाल पट्ट्यातली तीन मिनिटं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले घड्याळकाका, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, आणि हौशी रेडिओ मंडळातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला आज दोनच कामं दिलेली आहेत. मानपत्र वाचायचं आणि मंडळाच्या घड्याळाचा ताबा काकांकडून घ्यायचा. भाषण कर असं कुणीही म्हटलेलं नाही. तरी पाच मिनिटं चोरतो. मागे ऐकू येतंय ना?

टेबलावरचं ते पितळी घड्याळ नव्या मंडळींनी कधी जवळून पाहिलंय का? ते जहाजाच्या रेडिओ-खोलीतलं आहे. जहाज भंगारात निघालं तेव्हा काकांनी ते मुद्दाम विकत आणलं. तबकडीवर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांवर लाल पट्टे आहेत. काटा त्यात शिरला की समुद्रावरच्या प्रत्येक जहाजाने बोलणं थांबवायचं आणि नुसतं ऐकायचं. का? तर बुडणारं कुणी क्षीण हाक मारत असेल, तर ती गोंगाटात हरवू नये. म्हणून रोज सकाळी रेडिओवर वेळेचा सिग्नल ऐकायचा, घड्याळ लावायचं आणि वहीत लिहायचं, 'सिग्नल ऐकला, घड्याळ बरोबर.'

जहाजावर काकांचं घड्याळ चुकलं आणि परवाना गेला, ही गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. काकू ती पाहुण्यांना चहाबरोबरच देतात. "घरातल्या घड्याळाला मी यांना हात लावू देत नाही हो, जहाजावर काय दिवे लावलेत ते माहितेय ना!" आपण हसतो, काकाही हसतात. त्यांच्या त्या हसण्याची मला फार भीती वाटते.

त्या जहाजावर काका मुख्य रेडिओ ऑफिसर होते आणि त्यांचा सहायक मी होतो. मानपत्रात हे सापडणार नाही, कारण मानपत्र मीच लिहिलंय.

त्या दिवशी घड्याळ लावायची पाळी माझी होती. खरखर इतकी की सिग्नल काही लागेना. माझा चहा निवत होता. मी जेवणघरातल्या घड्याळावरून काटे जुळवले आणि वहीत नेहमीचं वाक्य लिहून मोकळा झालो. जेवणघरातलं घड्याळ चार मिनिटं मागे होतं.

दुपारी काका जेवायला गेले आणि मी यंत्रावर बसलो. आमच्या आचाऱ्याला मुलगी झाली होती, तिचं नाव त्याला घरी कळवायचं होतं. आमच्या घड्याळात तासावर अकरा मिनिटं झाली होती. अचानक बाकीची जहाजं गप्प झाली. एकदम सगळी. तेव्हा मला काय वाटावं? मला वाटलं, बरं झालं, वाट मोकळी झाली! नीट पोहोचावं म्हणून मी ते नाव दोनदा पाठवलं.

त्याच वेळी मासेमारीची एक होडी हाक देत होती. दूरच्या एका जहाजाने तिचा ठावठिकाणा अर्धा टिपला. उरलेला अर्धा माझ्या आवाजाखाली गेला. होडीवर नऊ माणसं होती. तीन दिवस शोध घेतला, काही मिळालं नाही.

संध्याकाळी सिग्नल लागला आणि घड्याळ मागे असल्याचं कळलं. काकांनी वही उघडली. "सकाळी सिग्नल ऐकला होतास ना रे?"

"हो, काका."

मग त्यांनी घड्याळ उघडून पाहिलं. दोष काहीच नव्हता. आठवड्यात दहा सेकंदही न चुकणारं यंत्र अर्ध्या दिवसात चार मिनिटं मागे पडेल? काकांना हे कळलं नसेल? चौकशीत ते एवढंच म्हणाले, "घड्याळ माझ्या ताब्यात होतं, चूक माझी." त्यांचा परवाना गेला. मी पुढे बावीस वर्षं नोकरी केली आणि बढत्या घेतल्या.

मंडळात आलो त्याला नऊ वर्षं झाली. दर रविवारी यंत्र सुरू करण्याआधी काका मला विचारतात, "सिग्नल ऐकलास ना रे?" तुम्हाला ती म्हाताऱ्याची सवय वाटते. मी हो म्हणतो, ते मान हलवतात. ते मला सांभाळून घेतायत की माझी वाट बघतायत, हे मला आजवर समजलेलं नाही.

आता ते लेकीकडे राहायला चाललेत. वादळी दिवसांत होड्यांची हाक ऐकायचं काम आपल्या मंडळाने अंगावर घेतलंय, आणि गप्प राहून ऐकायची मिनिटं याच घड्याळावर ठरतात. पुढच्या रविवारपासून ती वही माझ्याकडे, आणि विचारणारं कुणी नाही.

अध्यक्ष महोदय, गेल्या महिन्यात काका तापाने पडून होते. त्या रविवारी सिग्नल लागेना. मी माझ्या हातातल्या घड्याळावरून काटे लावले आणि वहीत लिहिलं, 'सिग्नल ऐकला.' काही झालं नाही. म्हणजे त्या दिवशी कुणी हाक दिली नसेल. किंवा दिली असेल, आणि आपल्याला कळलेलं नाही.

म्हणून हा ताबा मी घेणार नाही. तो दुसऱ्या कुणाला द्या, आणि त्याला दर वेळी विचारणारा माणूसही नेमा. काकू, जहाजावरची ती चूक यांची नव्हती, माझी होती. काका, बसा, उठू नका. मी सिग्नल ऐकला नव्हता.

न मागता मिळालेल्या वेळाबद्दल अध्यक्षांचा आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. बोलताना शब्द कमीजास्त झाला असेल तर तेवढा पोटात घाला. बाकीचं मात्र घालू नका. काकांनी एकतीस वर्षं ते पोटात घातलं, आणि गेल्या महिन्यात मी पुन्हा तीच चूक केली.